हरणीच्या रेडिएटरचं झाकण

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

अक्कलकोट रोड, सोलापूर
१० एप्रिल २०२४

चि. नंदीशला अण्णाचे आशीर्वाद.

सुबोधच्या लग्नाची पत्रिका शनिवारी कुरिअरनं पोचली. देवापुढं ठेवली आहे. कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट उमटलंय, ते वच्छलाचं असणार. तू असली कामं करत नाहीस. सख्ख्या थोरल्या भावाला पत्रिका कुरिअरनं येते का, असं तुझी वहिनी शकुंतला मला विचारत होती. आली हेच पुष्कळ, असं मी म्हणालो. पाच वर्षांत तुझ्या घरून माझ्याकडं दोनच गोष्टी आल्या. ही पत्रिका, आणि तिच्याआधी आपली गाडी, हरणी.

गाडी काल पाडव्याला, तू पाठवलेल्या यशपालच्या टेम्पोवर चढवून दिली. करमाळ्यात सुखरूप उतरली असेल. यशपाल शहाणा माणूस वाटला. दोर आवळताना बंपरखाली स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल घातला त्यानं.

गाडीसोबत आलेल्या तुझ्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : 'पुन्हा वाफ नको. बिनपाण्याचं कूलंट टाकून द्यावं.' खाली सही नव्हती. मी समजलो. पाच वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या वाटेवर हरणी तापली, मी घाईनं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी सुबोधच्या हातावर उडालं. त्यानंतर तू माझ्याकडून दुसरं काय मागणार?

हे काम मी पहिल्यांदाच केलं. पुण्यात जुन्या गाड्यांचे एक जाणकार आहेत, त्यांना फोनवर विचारून सगळं वहीत उतरवून घेतलं. ह्यात द्रव ओतणं अगदी शेवटी येतं. आधी आठ दिवस पाणी काढत बसायचं. रेडिएटर उतरवून उन्हात उलटा टाकला. ब्लॉकमध्ये हवा मारली. गंजाचा तांबडा गाळ निघाला, ओंजळभर. मग पाणी शोषणारं एक द्रव घालून इंजिन फिरवलं, ओतून दिलं, पुन्हा घातलं. शेवटी थेंब काचेवर घेऊन तपासला. शंभरात दोन भागसुद्धा पाणी नव्हतं. तीनच्या वर असू नये म्हणतात. हे द्रव मोकळं राहिलं तर हवेतला ओलावा ओढतं, म्हणून उतू जायची खालची नळी झाळून बंद केली आणि पितळी झाकणाखाली नवं रबर बसवलं. आता ते डब्यासारखं घट्ट आहे.

आता एक विनंती आहे. परण्याला हरणी काढू नकोस. नवरदेवाला मारुतीला नेण्यासाठी घोडा सांग. अठ्ठावीस तारखेला त्रेचाळीसच्या खाली पारा नसणार. पुढं बँड, पोरं नाचणार, गाडी माणसाच्या पावलानं चालणार, तिला वारा मिळणार नाही. सत्तर वर्षांचं इंजिन ते.

तू म्हणशील, मग बिनपाण्याचं कशाला टाकून घेतलं? तेही खरंच. ते एकशे ऐंशी अंशांपर्यंत उकळत नाही. वाफ नाही म्हणून दाब नाही. इंजिन तापलेलं असताना झाकण उघडलं तरी अंगावर येत नाही. झाकणाला बांधलेल्या कार्डावर मी तसं लिहिलंय. यशपाललाही सांगितलंय. सुबोधच्या मनातली भीती जावी एवढाच हेतू. तरीही नको काढूस. एवढं माझं ऐक.

मी येणार नाही. 'माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस' हे तुझे शब्द अजून कानात आहेत आणि ते मी मोडणार नाही. सुबोध अजून पूर्ण बाह्यांचेच शर्ट घालतो, असं यशपाल सांगत होता. त्याला माझा आशीर्वाद सांग.

तुझा,
अण्णा

*

सोलापूर
१५ एप्रिल २०२४, सोमवार

चि. नंदीश,

आज हे पत्र रजिस्टर करतोय. मागचं साधं होतं, मिळालं की नाही कळायला मार्ग नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. एकदा वाजतो आणि तुटतो.

गाडीबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली होती. तिच्या पोटात थोडं पाणी राहिलं असावं. जुन्या ब्लॉकमध्ये गंजाच्या पापुद्र्यामागं पाणी बसून राहतं, हवा मारली तरी निघत नाही. किती असेल ते सांगता येत नाही. असेल थोडंफार.

तेव्हा कार्डावर लिहिलेलं जरा बाजूला ठेव. झाकण गरम असताना उघडू नये, हेच बरं. कुणालाच उघडू देऊ नकोस. आणि काट्यावर विसंबू नकोस. हरणीचा काटा शंभरापर्यंतच आहे, त्यापुढं आकडाच नाही. काटा टेकला की आत एकशे पाच आहे का एकशे तीस, हे बाहेरून समजत नाही. आपल्याला सवय आहे वाफ बघायची. आपले आप्पा वाफेचा पहिला धागा दिसला की गाडी लिंबाखाली घ्यायचे, बिडी पेटवायचे, अर्धा तास कुणाशी बोलायचे नाहीत. पाणी आधी ओरडून सांगतं. हे द्रव तसं सांगत नाही. ते आतल्या आत तापत राहतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी इकडं परत पाठव. मी पहिल्यापासून सगळं काम पुन्हा करून देतो. लग्नानंतर दे हवं तर, पण तोवर चालवू नकोस.

गल्लीतून निवडणुकीच्या रिक्षा ओरडत फिरतायत, मन लागत नाही. सकाळी देवळात जाऊन आलो. तळ्याचं पाणी बरंच खाली गेलंय.

वच्छलाला, सुबोधला आशीर्वाद. होणारी सूनबाई इंद्रायणी शिक्षिका आहे असं पत्रिकेवरून कळलं. आपल्या घरात पहिली मास्तरीण. आप्पा असते तर गावभर सांगत सुटले असते.

अण्णा

*

सोलापूर
२० एप्रिल २०२४

नंदीश,

मागच्या पत्रात लिहिलं की पाणी राहून गेलं असावं. ते खोटं आहे. पाणी मी घातलं.

तुला आठवत असेल, आप्पा गाडी बाहेर काढण्याआधी देवळातून आणलेलं तांब्याभर तीर्थ रेडिएटरमध्ये ओतायचे. 'आधी तिनं प्यायचं, मग आपण बसायचं.' गाडी डॉक्टरांची आणि आप्पा नुसते ड्रायव्हर होते तेव्हाही, आणि डॉक्टरांनी म्हातारपणी किल्ली आप्पांच्याच हातात दिली तेव्हाही. मैंदर्गीत असताना गावातल्या देवळातलं तीर्थ, सोलापुरात आल्यावर सिद्धेश्वराचं. आप्पांच्या मागं सत्तावीस वर्षं मी तेच केलं. गॅरेजमधून हरणी कधी कोरड्या तोंडानं गेली नाही.

पाडव्याला गुढी उभारली, देवळात गेलो, तांब्या भरून आणला. गाडीला हार घातला, नारळ फोडला. यशपाल टेम्पो लावून उभाच होता. माझ्या तोंडात पंचाक्षरी चालू होती. एका हातानं झाकण काढलं आणि दुसऱ्या हातानं तांब्या ओतला. सगळा. आठ दिवस ज्या पाण्याचा थेंब थेंब मी बाहेर काढला होता, त्यातलं सव्वा लिटर मी स्वतःच्या हातानं परत घातलं. घट्ट द्रवात पाणी शिरताना एक निराळा आवाज येतो. तो आला तेव्हा मला कळलं.

कळल्यावर काय केलं, तेही लिहायला हवं. मी झाकण लावलं, घट्ट केलं, वरून फडक्यानं पुसलं. कार्ड सरळ केलं.

तेव्हाच यशपालला म्हणायला हवं होतं, थांब बाबा, आणखी आठ दिवस लागतील. तो थांबला असता. पण तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, 'काका, भाऊसाहेबांस्नी सांगतो बगा, तुमच्या भावानं गाडी न्हाय, सासरी निघालेली पोर नटवून दिलीया.' तुझ्या शाळेत सगळे तुला भाऊसाहेब म्हणतात हेही मला तेव्हाच कळलं. पाच वर्षांनी तुझ्यासमोर कुणीतरी माझं नाव चांगल्या तोंडानं घेणार होतं. ते माझ्याच्यानं मोडवेना.

मग मनाला सांगितलं, ते तीर्थ आहे. तीर्थानं कुणाचं वाईट होत नाही. हे वाक्य मी इतके दिवस जपासारखं म्हणत आलो. पहिल्या पत्रातलं झाकणाविषयीचं लिहिताना तेच म्हणत होतो. गुरुवारी देवळात उभा राहिलो आणि ते तोंडातून निघेना. देवाच्या पाण्याआड मी लपून बसलोय, हे देवासमोर कसं म्हणायचं?

आता नीट वाच. ते द्रव एकशे ऐंशीला उकळतं, पाणी शंभराला. परण्याच्या गर्दीत द्रव सव्वाशेपर्यंत चढलं की आतल्या पाण्याची वाफ होऊ लागणार. तिला जायला नळी होती, ती मी झाळली आहे. झाकण घट्ट आहे, रबर नवं आहे. बाहेर वाफेचा एक धागा दिसणार नाही. आणि जो कुणी माझ्या कार्डावर भरवसा ठेवून झाकण फिरवेल, त्याच्या तोंडावर ते सगळं येईल. पाणी अंगावर पडलं तर निथळून जातं. हे पाकासारखं चिकटतं.

कार्ड फाडून टाक. गाडी दारातून हलवू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हण.

अण्णा

*

सोलापूर
२७ एप्रिल २०२४, शनिवार

नंदीश,

दोन्ही रजिस्टर पत्रं परत आली. दुसरं मंगळवारी आलं, तिसरं काल. पाकिटावर पोस्टमननं लाल शाईत लिहिलंय, 'घेण्यास नकार'. पाकीट फोडलेलं नाही. साधं पत्र असतं तर दारात पडलं असतं, वच्छलानं नाहीतर सुबोधनं उचललं असतं. नक्की मिळावं म्हणून रजिस्टर केलं आणि त्यामुळंच ते नाकारायची सोय झाली.

आज टेम्पोच्या पावतीवरून नंबर काढून यशपालला फोन लावला. म्हटलं, कार्डावरचं चुकीचं आहे, झाकण उघडू नकोस, कुणाला उघडू देऊ नकोस.

'आता काय झालं ओ काका? तवा तर म्हनलात, बिनघोर उगडा.'

'आत पाणी गेलंय.'

'कुनी घातलं?'

'गेलंय,' एवढंच मी म्हणालो.

'आसं कसं जाईल? डोळ्यात तेल घालून काम केलंय म्हनला हुता की.' तो हसला. 'काका, खरं सांगू का, राग नका धरू. म्या भाऊसाहेबांस्नी इचारलं हुतं, दादांची पत्रं का परत धाडताय म्हनून. ते म्हनले, पयलं वाचलं, बास झालं. गाडी काडू नको म्हनतोय. त्याला मान पायजे, आमंत्रनाला आमी सोता गेलो न्हाय म्हनून हे चाललंय.'

'त्याला सांग, मान नको. एवढं झाकणाचं सांग.'

'सांगतो की. पर उद्या मी न्हाय गाडीवर. माज्या पावण्यात साखरपुडा हाय. भाऊसाहेब सोता चालवणार हायेत.'

म्हणजे तू चालवणार. मला आनंद व्हायला हवा होता. आप्पांच्या सीटवर तू बसणार.

मग सुबोधला फोन केला. त्याचा नंबर पत्रिकेवर आहे. त्यानं उचलला. मागं बायकांचा हसण्याचा आवाज, कुणीतरी हळदीचं गाणं म्हणत होतं. 'काका?' म्हणाला. पाच वर्षांनी 'काका' ऐकलं. तो म्हणाला, 'काका, उद्या या. बाबा काही म्हणणार नाहीत, मी बघतो.' आणि मी काय बोललो सांगू? 'सुखी राहा बाळा' म्हणालो आणि फोन ठेवला. त्याच्याच हातावर मी एकदा उकळतं पाणी ओतलंय. आता तसंच पुन्हा करून ठेवलंय, हे त्याला हळदीच्या दिवशी सांगायला मला तोंड नव्हतं. फोन ठेवल्यावर पुन्हा लावावा म्हणून तासभर हातात धरून बसलो. लावला नाही.

शकुंतला हे सगळं बघत होती. तिला मी आजच खरं सांगितलं. तिनं चूल पुसायचं फडकं खाली टाकलं आणि म्हणाली, 'आन तुमी पत्रं लिव्हत बसलाय? उटा की! जावा! उंबरा उंबरा काय करताय, पोराच्या जिवापरीस उंबरा मोटा हाय व्हय?'

उद्या पहाटेच्या एसटीनं निघतोय. नऊपर्यंत करमाळ्यात पोचेन. परण्या साडेदहाला निघणार आणि अक्षता बारा पस्तीसला, असं पत्रिकेत आहे. वेळ पुरेसा आहे. तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून मांडवात येणार नाही, बाहेर उभा राहीन. बजाआत्या आलेली असेलच, तिच्या हाती हे पत्र देईन. सोबत परत आलेलं तिसरं पत्रही ह्याच पाकिटात घालतोय. आत्याला वाचता येत नाही, पण तुझ्या हातात दे म्हटलं की ती देते.

पाकीट उघड, नंदीश. एवढं एक उघड.

अण्णा

*

सोलापूर, इस्पितळाचा बाहेरचा बाक
१ मे २०२४

नंदीश,

ह्या पत्राला पाकीट नाही. सुबोधच्या हातात उघडंच देतोय. तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे, तो वाचून दाखवेल. सुबोध बाळा, मध्ये थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच.

रविवारी मी नऊच्या आतच करमाळ्यात पोचलो. मांडवासमोर रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. बजाआत्यानं मला लांबून ओळखलं. ह्या वयात काठी टेकत रस्ता ओलांडून आली आणि शिव्याच घातल्या. 'मुडद्या, चुलता न्हवं व्हय तू? भिकाऱ्यावानी भाईर का हुबा? चल आत.'

'आत्या, आधी हे नंदीशच्या हातात दे. आत्ताच. मग येतो.'

'देती की. माजं काय हात मोडल्यात?'

ती आत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. पुढं काय झालं ते वच्छलाकडून कळलं. तू गुरुजींबरोबर बसला होतास. आत्यानं पाकीट वच्छलाला दिलं आणि म्हणाली, 'थोरल्याचं हाय, नंदीशला दे.' वच्छलाच्या हातात आहेराची पिशवी होती. लग्नाच्या दारात थोरल्या दिराकडून पाकीट आलंय, ते दुसरं कशाचं असणार? तिला भरून आलं, असं ती म्हणाली. पाकीट कपाळाला लावून तिनं पिशवीत टाकलं. तिचा काडीचाही दोष नाही. माझी सवयच अशी आहे, जे तोंडानं सांगायचं ते पाकिटात घालायचं.

मी मारुतीच्या देवळाकडं जाऊन पायरीवर बसलो. माझं काम झालं असं वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसलो. बँड सुरू झाल्याचं ऐकलं तेव्हा, आता घोडा दिसेल, असं मनात म्हणालो. गर्दी वळणावरून पुढं आली आणि फेट्यांच्या वर हरणीचं हिरवं नाक दिसलं.

वळणापासून देवळापर्यंत शंभर पावलं असतील. तेवढ्याला अर्धा तास लागला. पोरं नाचत होती, दोघं बॉनेटवर हात टेकून नाचत होते. मी पुढं जायला बघत होतो, गर्दी मागं ढकलत होती. मी ओरडत होतो ते मलाच ऐकू येत नव्हतं. वाफेचा धागा कुठं नव्हता. सगळं अगदी कोरडं होतं. तीस पावलांवर गाडी बंद पडली.

तू उतरलास, सुबोधही उतरला. मला वाटलं, आता सगळे चालत येतील. इतकं जवळ आहे देऊळ. मग तू कार्ड हातात घेतलेलं दिसलं.

तेव्हा तू काय बोललास ते मला ऐकू आलं नव्हतं. काल ह्याच बाकावर सुबोधनं सांगितलं. त्याचा हात आपोआप पाठीमागं गेला होता. तू हसून म्हणालास, 'भितोस काय? तू लांब हो, मी काढतो. पत्रातसुद्धा तेच लिहिलंय त्यानं. अण्णा बाकी कसाही असू दे, इंजिनाबाबत खोटं बोलत नाही.'

मी दहा पावलांवर होतो.

तू झाकण फिरवलंस आणि काकवी उतू यावी तसं ते तुझ्या तोंडावर आलं. बँड लगेच थांबला नाही. मागच्या पोरांना कळलंच नव्हतं, ती नाचत राहिली.

जीपमध्ये घालताना तू माझा आवाज ओळखलास आणि माझी बाही धरलीस. 'अण्णा, आलास होय. अक्षता चुकवू नका. माझ्या जागी तू उभा राहा.' मी उभा राहिलो, नंदीश. मुलाच्या बापाच्या जागी. शंभर माणसं माझ्याकडं बघून म्हणत होती, भाऊ असावा तर असा. इंद्रायणी पाया पडली तेव्हा मी पाय मागं घेतले, तिला ते कसंसं वाटलं असेल. तिनं मला क्षमा करावी.

सोमवारी हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी दाराबाहेर होतो. तू म्हणालास, 'दोष कुणाचा नाही साहेब. भावानं गाडी चोख करून दिली होती. मीच घाई केली.' आणि ते गेल्यावर मला आत बोलावून माझा हात धरून म्हणालास, मागचं सगळं संपलं. पाच वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली. मी तुझ्या उशाशी बसून मोसंबी सोलली. दोन दिवस सोलतोय. तू एक एक फोड तोंडात घेतोस आणि आप्पांच्या गोष्टी काढतोस, आणि मी हं हं म्हणतो.

चोख नव्हती. गाडीत पाणी मीच घातलं. पाडव्याला, पूजा करताना, तांब्याभर तीर्थ. घातल्यावर मला कळलं आणि तरी मी झाकण लावलं. पहिल्या पत्रातलं झाकणाचं खोटं आहे हे माहीत असून मी लिहिलं. नंतर खरं लिहिलं तेव्हा तू घेतलं नाहीस, पण तो तुझा दोष कसा? माझं पहिलंच पत्र वाचून तू झाकणाबाबत मला खरं मानलंस, आणि गाडी काढू नकोस म्हटलं तिथं मी मानासाठी लबाडी करतोय असं धरलंस. दोन्ही बाबतींत उलटं होतं, आणि तसं मीच लिहिलं होतं. परत आलेलं दुसरं पत्र ह्याला टाचलंय. तिसरं आणि चौथं वच्छलाच्या आहेराच्या पिशवीत आहेत. सुबोधनं तीही वाचावीत.

सुबोध, तुझ्या फोनवर मी गप्प बसलो, तेव्हा मला सगळं माहीत होतं. हेही वाच, मोठ्यानं.

आज दुपारच्या गाडीनं मी करमाळ्याला जाऊन ठाण्यात माझा जबाब लिहून देतोय. तुझा जबाब खोटा ठरेल, तू रागावशील. रागव. माझ्यासाठी तू खोटं पडावंस, हे मी ह्यापुढं होऊ देणार नाही. शकुंतलाला सांगितलंय, जेवण ती आणत जाईल. तिच्या हातचं नको वाटलं तर तेही चालेल, तिनंच असं सांगायला सांगितलंय.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर पट्टी काढणार. उजव्याचं ते आशेनं बोलतात, डाव्याचं विचारलं की कागद चाळतात. तोवर मी परत आलेलो असेन. खोलीत येणार नाही, ह्याच बाकावर बसेन. तू बोलावलंस तर उठेन, नाही बोलावलंस तर बसून राहीन. दिसलं, तर आधी सुबोधकडं बघ. मुंडावळ्या उतरल्यानंतरचा त्याचा चेहरा तू अजून पाहिलेला नाहीस.

अण्णा